दोन माणसांचा

कायतानच्या दुकानात छत्र्या, फुटबॉल, गळाच्या काठ्या
आणि कोपऱ्यात तंबू,
गुंडाळलेले, पोह्यांच्या पिशवीएवढे.
"दोन माणसांचा दाखव, हलका," उल्हास म्हणाला.
कायतानने चष्मा कपाळावर चढवला.
"खंयचीं दोगां?"

आम्हीच, मी म्हटलं. सव्वीस वर्षं झाली लग्नाला.
त्यातली अकरा वेगळ्या खोल्यांत.
ह्याला पंखा पाचवर लागतो, मला दोनवर,
आणि ह्याचं घोरणं भिंतीपलीकडून आलं
तर जरा मायेचंही वाटतं.
हे मात्र मी म्हटलं नाही.

पहिला नारिंगी. कापड एकेरी, म्हणून हलका.
"पण ह्यात आपलाच श्वास
रातभर छताला चिकटून बसतो," कायतान म्हणाला,
"आणि फांतोडेर कपाळावर ठिबकतो."
उल्हासने माझ्याकडे पाहिलं.
दुहेरी दाखव, मी म्हटलं.

दुसरा राखाडी. दार एकच.
म्हणजे रात्री उठायचं तर एकाने दुसऱ्याला ओलांडायचं,
आणि साखरेच्या गोळ्या घेणारा माणूस
रात्रीत तीनदा उठतो.

तिसऱ्याला दारं दोन.
कायतानने शटर अर्ध्यावर ओढलं,
फुटबॉल पायाने बाजूला सारले,
फरशीवर तो उभा केला. "आडवीं पडात पळोवया."

डोक्याकडे एकशेतीस सेंटिमीटर, पायांकडे एकशेदहा.
आकडे बाजूलाच राहिले, कळला तो खांदा:
त्याचा उजवा, पर्वरीच्या वळणावर स्कूटरवरून पडल्यापासून
बोटभर खाली राहिलेला.
इतक्या जवळून मी तो
कधी पाहिला होता शेवटचा?
जाळीतून वरचा पंखा दिसत होता, बंद.
शटरच्या फटीतून शुक्रवारच्या बाजाराचे पाय:
चपला, अनवाणी टाचा, मोयरेच्या केळ्यांचा एक घड
जमिनीला टेकत टेकत जाणारा.

"घोरू नकोस हं."
"अजून झोपलोय कुठे," तो म्हणाला
आणि झोपला.
खरंच झोपला. चार मिनिटं.
गिऱ्हाईक आलं, कायतानने ओठांवर बोट ठेवलं.

लेबलावर लिहिलेलं: एक किलो सातशे.
मी वजनमाप खात्यातली बाई.
लेबलं वाचते, मानत नाही.
तंबू काखेत मारला आणि गेले समोर
हरमलच्या मिरच्या विकणाऱ्या पार्सेकरणीकडे.
तिच्या काट्यावरचा शिक्का माझ्याच हातचा.
खुंट्या, दोऱ्या, पिशवी धरून
दोन किलो नव्वद.
"हे तीनशे नव्वद ग्रॅम कोणाचे, कायतान?"
"देवाचे," तो म्हणाला, आणि चारशे रुपये कमी केले.

"हें कितें गे?" पार्सेकरणीने विचारलं.
घर, मी म्हटलं.
तिने उचलून पाहिलं, परत काट्यावर ठेवलं.
"आनी न्हाणी खंय?"

घरी आल्यावर वाटणी झाली.
काठ्या आणि खुंट्या त्याच्या पिशवीत,
कापड माझ्या. दोऱ्यांवरून थोडं भांडण:
दोऱ्या वजनाला काही नसतात, पण गुंततात,
आणि गुंता सोडवायचा कोणी
हे आमच्यात कधीच ठरलेलं नाही.
नेत्रावळीला जायचं ते डिसेंबरात.
तोवर सवय म्हणून
दिवाणखान्यात टीपॉय हलवून उभा केला.
पंखा तीनवर. दोघेही नाराज.

साडेतीनला तो उठला.
आपल्या बाजूची चेन हळू, दात दात मोजत उघडली,
मला न ओलांडता गेला.
मी जागी होते, पण तसं दाखवलं नाही.
नळ वाजला. दिवा गेला.
पावलं आली, थांबली, चाचपडली
आणि अंधारात दार चुकून
माझ्या बाजूने आत आला.